नांदेड ते चिपी, एक तास दहा मिनिटं

मी घरी बसून विमानतळांमधली अंतरं लिहिते. हे सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे नक्की काय?" समजावून सांगायचाही आता कंटाळा आलाय, तरी सांगते. प्रवासाची माहिती देणारी एक वेबसाइट आहे. कुठलेही दोन विमानतळ घ्या, त्यांच्यासाठी तिच्यावर एक पान असतं. कोल्हापूर ते जळगाव, नाशिक ते गोंदिया. अंतर किती, विमानाला वेळ किती, जवळचं रेल्वे स्टेशन कोणतं. आकडे मशीन काढतं. त्या आकड्यांभोवतीचं मराठीही मशीनच लिहितं, आणि ते इतकं भयंकर असतं की कुणीतरी माणसाने बसून ते सरळ करावं लागतं. ते माणूस म्हणजे मी.

त्याआधी बरीच वर्षं मी गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासत होते. छापखाना बंद पडला, डोळ्यांचा नंबर वाढला, पण ऱ्हस्व-दीर्घाची खाज काही गेली नाही. आता लालबागला आमच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाशी बसून तेच करते. शेजारच्या खोलीत नवरा टीव्हीवर बातम्या लावून झोपलेला असतो. आवाज कमी केला की जागा होतो.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की यातल्या निम्म्याअधिक जोड्यांमध्ये विमान जातच नाही. मशीन नकाशावर एक सरळ रेघ मारतं, तिची लांबी मोजतं, विमानाच्या वेगाने भागतं आणि वर चढण्या-उतरण्याची थोडी मिनिटं टाकतं. झालं पान तयार. कामावर देखरेख करणाऱ्या मुलीला मी फोन केला. म्हटलं, "अगं, इथून तिथे विमानच नाहीये, तर वेळ कसला लिहायचा?" ती म्हणाली, "मॅम, लोक सर्च करतात ना, म्हणून पेज लागतं. आपण फक्त लँग्वेज बघायची." म्हटलं, बरं बाई. माझं काय जातंय.

आणि मी लँग्वेज बघितली. प्रत्येक पानावर एक वाक्य होतं, "अनुमानित उड्डाण कालावधी सुमारे एक तास दहा मिनिटे इतका आहे." आकडा बदलायचा, वाक्य तेच. आता असं कुठला माणूस बोलतो? आपल्या घरी कुणी विचारतं का, की दादरला जायचा अनुमानित कालावधी किती? माझं डोकंच फिरलं. मी ते खोडलं आणि लिहिलं, "विमानाने निघालात की एक तास दहा मिनिटांत पोचाल, आरामात." तो 'आरामात' माझा स्वतःचा. वाक्य कसं छान उतरल्यासारखं वाटलं. देखरेखवाल्या मुलीने अंगठा पाठवला आणि पुढच्याच आठवड्यात ते वाक्य सगळ्या पानांवर गेलं. दोन दिवस मी भलतीच खुशीत होते. नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हं."

माझी मोठी बहीण नांदेडला असते. लग्न करून गेली तेव्हा आमच्याकडे नांदेड कुठे आहे हेही कुणाला धड माहीत नव्हतं. आई तेव्हा चाळीतल्या बायकांना सांगायची, "हैदराबादेच्या अलीकडे." पुढे वडिलांची गिरणी बंद पडली, वडीलही गेले आणि आई गावाला भावाकडे राहायला गेली. गाव आमचं मालवणच्या खाली, खाडीकाठी, चिपीला सिंधुदुर्गचा विमानतळ झालाय त्याच्या जवळच. म्हणजे एक मुलगी नांदेडला, आई कोकणात, आणि मधे मी. ताईला आईकडे जायचं असलं की रात्रभर रेल्वेने दादरला यायचं, दिवसभर माझ्याकडे पडायचं आणि रात्री कोकणची गाडी धरायची. परत येताना उलटं. दोन रात्री नि एक दिवस गेल्याशिवाय आई दिसायची नाही. मुलं लहान होती तेव्हा तर तिचे हाल कुत्रा खाईना.

या सगळ्या येण्याजाण्याचं टाइमटेबल माझ्याकडे. ताईला रस्ते कधी कळलेच नाहीत, आणि भावोजी म्हणजे सदा शाळेत. ती फोन करायची, "सांग गं, कशी येऊ?" मग मी सांगायची. अमुक गाडी घे, डबा मागच्या बाजूचा घे, दादरला उतरलीस की पुलावर चढू नकोस, तिथेच बाकावर बस, मी येते. पोचशील आरामात. चाळीस वर्षं हेच. एकदाही चुकली नाही, कारण मी सांगितल्याच्या पलीकडे तिने पाऊल टाकलं नाही.

गेल्या वर्षी होळीनंतर आईने अंथरूण धरलं. मी तीन आठवडे गावाला जाऊन राहिले. ताईला येता येईना, कारण तिच्या मुलीचं बाळंतपण अगदी तोंडावर आलेलं. जीव टांगणीला लागला होता तिचा, पण करते काय? "बाराव्याला बारसं झालं की दुसऱ्या दिवशी निघते," म्हणाली. आई तिची आठवण काढायची नाही. मानी बाई. फक्त संध्याकाळ झाली की मला विचारायची, "नांदेडची गाडी कितक्याक येता गो?" मी म्हणायची, "येईल गं, अजून अवकाश आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला सगळं समजत होतं, तरी विचारायची. मला राग यायचा, आईचा नाही, ताईचाही नाही, कुणाचा ते सांगता येत नाही.

नातू झाला. बारसं ठरलं. आई जरा सावरल्यासारखी वाटली म्हणून मी मुंबईला परत आले, साठलेली पानं संपवायला. आले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला येऊन गेला नि भावाचा फोन आला. "आये गेली गो," एवढंच म्हणाला.

आता आमच्या गावाकडची एक रीत सांगायला हवी. कोकणात ज्या घरात माणूस जातं, त्या घराचं निम्मं गणगोत मुंबईत. म्हणून तिथे पहिला प्रश्न 'कसं झालं' हा नसतोच. पहिला प्रश्न, "थांबवचा काय?" म्हणजे लांबचं माणूस येईपर्यंत प्रेत थांबवून ठेवायचं का. मग वाडीतली जाणती माणसं ओटीवर बसून हिशेब करतात. कोण कुठून निघालं, कुठल्या गाडीने, कितीला पोचणार. त्यावर ठरतं कधी उचलायचं. शेवटचं तोंड बघणं ही तिथे फार मोठी गोष्ट आहे. ते हुकलं की माणूस जन्मभर सांगत राहतं, माझ्यासाठी थांबले नाहीत.

भावाने मला तेच विचारलं. त्या दिवशी मुंबईहून विमान नव्हतं आणि रस्त्याने निघाले असते तरी दिवेलागण झालीच असती. चैत्राचं ऊन, अंग भाजून काढणारं. बर्फाची पेटी तालुक्याला एकच, ती दुसऱ्या घरी गेलेली. मी म्हटलं, "माझ्यासाठी थांबवू नका. मी बघितलंय तिला, तीन आठवडे बघितलंय. ताईचं विचार." हे बोलून मी खाली बसले, फरशीवरच. नवऱ्याने पाणी आणून दिलं. त्यानंतर फोनची जी रांग लागली ती संपेचना. मावशी, आत्ते, चाळीतल्या जुन्या शेजारणी. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं. सांगून सांगून रडू आटलं.

नऊच्या सुमाराला भावाचा परत फोन. आवाज थोडा हलका वाटला. "ताई येता हां. विमानान. नांदेडसून चिपीक तास नि धा मिनटां, म्हणाली. थांबवतंव आम्ही दुपारपर्यंत. सगळ्यांका सांगलंय."

लाज वाटते सांगायला, पण मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, चला, सुटली एकदाची. या वेळी तरी दोन रात्री नाही लागल्या. मी उठून चहा टाकला. पातेल्यात साखर घालताना माझ्या डोक्यात नुसताच एक आकडा आला, पाचशे पस्तीस. पाचशे पस्तीस किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. हा आकडा मला पाठ कसा? आणि मग आठवलं. नांदेड ते सिंधुदुर्ग. ते पान मी केलं होतं. आपलंच माहेर म्हणून जरा निगुतीने केलं होतं. तिथे विमानबिमान काही नव्हतं. एक रेघ होती.

ताईचा फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. चौथ्या वेळी उचलला. मागे वाऱ्याचा आवाज. ती नांदेडच्या विमानतळाच्या फाटकाशी उभी होती, हातात पिशवी, बरोबर भावोजी. तिकीट तिथे गेल्यावर काढतात असं दोघांना वाटलेलं, एसटीसारखं. दारावरचा शिपाई सांगत होता, "बाई, इथून तिकडं विमान जात नाही." आणि ताई त्याच्याशी भांडत होती. माझी ताई, जी कधी भाजीवाल्याशी घासाघीस करत नाही, ती बंदूकवाल्या माणसाशी भांडत होती.

"अगं, हा नाही म्हणतोय," ती मला म्हणाली. "याला माहीतच नाहीये. माझ्याकडे लिहिलेलं आहे ना. थांब, तुला वाचून दाखवते." आणि तिने तिथे उन्हात उभं राहून मला वाचून दाखवलं. "विमानाने निघालात की एक तास दहा मिनिटांत पोचाल, आरामात."

ती म्हणाली, "ऐकलंस? आता तू सांग याला. मी फोन देते त्याच्याकडे." मी म्हटलं, "ताई, नको. तो बरोबर सांगतोय." "मग हे?" "ते चुकीचं आहे." "असं कसं चुकीचं लिहितील?" त्या क्षणी सांगायला हवं होतं, पण माझं धाडस झालं नाही. खरं सांगते, भीती वाटली मला तिची. माझ्या स्वतःच्या बहिणीची.

मग भावोजींनी गाडी शोधली. गाडीने तेरा-चौदा तास. म्हणजे पोचायला मध्यरात्र. ताई म्हणाली, "भाऊला सांग थांबवायला. मी निघालेय." आणि फोन ठेवला.

इकडे गावाला माणसं सकाळपासून उन्हात उभी. लाकडं रचून झालेली. दोन वाजता भावाने मला फोन केला. त्याच्यामागे कुणीतरी मोठ्याने बोलत होतं, थोरले काका असावेत. "मी काय सांगू गो लोकांका?" भाऊ म्हणाला. "दुपारपर्यंत म्हणालंय, म्हणान सगळे रवले. आता रात म्हणतत. आयेकडे बघवत नाय माका. उन्हान..." मग म्हणाला, "तूच सांग. तुका गाड्यांचा सगळा कळता. थांबवू काय?"

तूच सांग. आयुष्यभर हे दोघं मला म्हणत आले, तूच सांग. मी खिडकीशी उभी होते. खाली पुलावरून गाड्या चालल्या होत्या, सिग्नलला थांबत होत्या, परत चालत होत्या. आईला उन्हात ठेवायचं की ताईला तोंड दाखवायचं नाही, एवढंच होतं. तिसरं काही नव्हतं. मी म्हटलं, "नको थांबवू. उचला."

"आणि ताई?"

"मी सांगते तिला."

सांगितलं. तेव्हा ती लातूरच्या पुढे कुठेतरी होती. मी तिला म्हटलं, भाऊ व्हिडिओवर दाखवतोय, बघून घे, हात जोड. ती म्हणाली, "फोनवर नको. फोनवर नको दाखवूस मला आई." नुसता इंजिनाचा आवाज येत होता. मग भावोजींना म्हणाली, "गाडी वळवा." मला हाका मारायच्या होत्या, की जा गं, भाऊला तरी भेट, राख तरी बघ. पण मी कुठल्या तोंडाने तिला रस्ता सांगणार होते?

भाऊने पंधरा दिवसांनी मला बोलता बोलता सांगितलं, की आईला नेलं तेव्हा ओटीवर कुणीतरी म्हणालं, "नांदेडवाली खोटा बोलली. येवचा नव्हता तर सरळ सांगूचा होता." वाडीभर तेच झालं. विमानाच्या गमजा मारल्या आणि आली नाही. हे ऐकल्यापासून माझी झोपच गेली. चूक माझी आणि नाव तिचं.

त्याआधी आईच्या बाराव्याला आम्ही दोघी गेलो होतो. ती नेहमीसारखी रेल्वेने दादरला उतरली, नेहमीच्या बाकावर बसली. मी गेले तर माझ्याकडे बघून हसली, दमलेली. केस किती पांढरे झालेत हिचे, असं मनात आलं. टॅक्सीत ती नातवाबद्दलच बोलत राहिली, त्याचं वजन, त्याचं रडणं. घरी आल्यावर मी पिठलंभात केला. तिने चार घास खाल्ले आणि दिवसभर आडवी पडली. रात्री कोकणची गाडी. गावात सगळे तिच्याशी तुटक वागले. ती मान खाली घालून विधीचं सगळं करत राहिली. एका शब्दाने कुणाला खुलासा दिला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, की दुःखाचं घर, म्हणून असेल.

लोक काय म्हणतात हे भाऊकडून कळलं, त्यानंतर मात्र मला राहवेना. पावसाळ्याआधी ताई वर्षाच्या लोणच्यासाठी कैऱ्या घेऊन जायला गावी गेली होती आणि परतताना नेहमीप्रमाणे माझ्याकडे दिवसभरासाठी उतरली. दुपारची वेळ. नवरा आत झोपलेला, बातम्या चालू. ती जेवणाच्या टेबलाशी बसून कैऱ्या पुसत होती, आणि लॅपटॉप तिथेच होता. मी म्हटलं, "ताई, तुला एक दाखवायचंय." ते पान उघडलं आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. म्हटलं, "हे मी लिहिलंय. मशीनने वेगळं लिहिलं होतं. अनुमानित की काय ते. ते तसंच राहिलं असतं तर तुला कळलं असतं, हे नुसतं गणित आहे म्हणून. मी ते बदललं. गावात तुला खोटारडी म्हणतात ना, ती तू नाहीस. मी आहे. मी भाऊला सांगते, सगळ्यांना सांगते."

बोलता बोलता मी रडायला लागले. इतके दिवस साठलेलं होतं, ओरडूनच बोलत होते बहुतेक. आतला टीव्ही बंद झाला.

ताईने चष्मा लावला, पान वाचलं, चष्मा काढला. हातातली कैरी पुसून टोपलीत ठेवली, दुसरी घेतली.

"नको सांगूस कुणाला," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी तुलाच फोन करत होते मी. कशी येऊ, विचारायला. सारखा बिझी लागत होता. मग यांनी हे उघडून दिलं." तिने कैरीचं देठ खुडलं. "ते 'पोचाल, आरामात' वाचलं आणि वाटलं, लागला एकदाचा तुझा फोन."